डोळ्यांखालच्या पिशव्या: सकाळी येतात की मुक्कामालाच असतात? (अनुभव धागा)

लग्नाच्या हॉलमध्ये ओळखीची बाई भेटली की पहिला प्रश्न येतो, "काय गं, बरी आहेस ना? डोळे किती सुजलेत!" आपण रात्रभर छान झोपून, न्हाऊन, अबोलीचा गजरा माळून आलेलो असतो. तरी उत्तर द्यावं लागतं. म्हणून हा धागा.

थोडी प्रस्तावना करते. डोळ्यांभोवतीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलीमीटर. तिच्यामागे चरबीच्या छोट्या गाद्या असतात आणि त्यांना जागच्या जागी धरून ठेवणारा एक पडदा असतो. वयाबरोबर तो पडदा सैल पडतो आणि चरबी पुढे येते. ही पिशवी एकदा आली की दुपार असो, रात्र असो, तिथेच. दुसरी पिशवी पाण्याची. रात्रभर आडवं पडल्यावर पाणी डोळ्यांभोवती साचतं आणि उठून कामाला लागलं की हळूहळू उतरतं. बहुतेक जण या दोन्हींवर एकच काकडी ठेवतात आणि मग काकडीला नावं ठेवतात.

तेव्हा लिहिताना एवढं जरूर सांगा: सूज कधी असते, कधी नसते, एका डोळ्याला की दोन्ही? आणि किनारपट्टीवरच्या आपल्या राहणीचा त्यात काही हात आहे का? काळी वर्तुळं इथे नकोत, त्यांचा धागा वेगळा काढू.

खळ्यातली (दापोली)

माझी सूज पावसाळी आहे. आषाढ लागला की ताजी मासळी कमी आणि बेगमीचे डबे उघडायला सुरुवात. खारा बांगडा, सोडे, सुकट, खारातले गरे, मिठातल्या कैऱ्या, सांडगी मिरची, वर पोह्याचा पापड. एकेक पदार्थ घासाएवढाच, पण सगळे एकाच ताटात आणि तेही रात्री नऊनंतर. सकाळी डोळे अर्धेच उघडायचे. अकराच्या चहापर्यंत ठीक.

मिठामुळे शरीर पाणी धरून ठेवतं हे शाळेत शिकलो होतोच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा चमचा शीग न लावता. आमचं ताट त्याच्या कितीतरी पुढे. बांगडा सोडणं शक्य नाही, सोडणारही नाही. आता खारा बांगडा आदल्या रात्री पाण्यात पडतो, पाणी दोनदा बदलतं, आणि तो दुपारच्या जेवणात येतो, पेजेबरोबर. लोणचं असेल त्या दिवशी पापड नाही. सासूबाईंच्या मते हे सगळं थेर आहे, पण उशी एकावर एक घेऊन डोकं उंच ठेवून झोपण्याची युक्ती त्यांचीच. ती चालते.

वेंगुर्ल्याची

माज्या आजयेक पिशव्यो होत्यो, आवशीक होत्यो, माका आसत. आता चेडवाक पण येवक लागल्यो. सकाळी बघा, दुपारी बघा, थयच. काकडी झाली, चमचे झाले, काय एक फरक नाय. फोटो काढताना डोक्यावरच्या लायटीखालसून बाजूक सरतंय, सावली कमी पडता. तितकाच.

रात्रीचा राजा (कुडाळ)

दशावतारात काम करतो. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की आमची रात्र म्हणजे दिवस. नाटक पहाटे संपतं, दहीकाला होतो, मग रंग उतरवायचा. पूर्वी पंचाने खसाखसा पुसायचो, एका वडीलधाऱ्या कलाकाराने हात धरला. डोळ्याकडची कातडी ओढायची नाही. खोबरेल लावून थोडं थांबायचं, रंग सुटला की कापसाने टिपून घ्यायचा. तेव्हापासून निदान लाली आणि चुरचुर गेली.

सुजेबद्दल एक गंमत सांगतो. टेम्पोत बसल्या बसल्या झोप काढली तर पाय जड होतात, डोळे ठीक असतात. घरी येऊन पालथा पडलो की पाय हलके आणि डोळे टमाटम. पाणी उताराकडे जातं, दुसरं काय. आता उताणा झोपतो आणि संध्याकाळी निघण्याआधी गार पाण्याचा पंचा डोळ्यांवर ठेवतो. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज थोडी बसते. पुढच्या मुक्कामापर्यंत पुरतं.

कलमवाला (देवगड)

आमच्याकडे सूज मार्च ते मे. आंबा देठासकट काढतात तो दिसायला बरा म्हणून नाही. देठ तुटला की चीक उडतो, फळ डागाळतं आणि कातडीही. पेट्या भरताना चिकाचा हात घामेजल्या डोळ्याला लागला की त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापण्या सुजून खाज सुटते, त्यामुळे कशाने झालं हे चटकन ध्यानातच येत नाही. आंबा, काजू, बिब्बा सगळे एकाच कुळातले. काजूच्या टरफलाचं तेल तर चिकाहून जहाल, बी भाजताना धुराजवळही उभं राहू नये.

उपाय साधा: हातमोजे, साबणाने कोपरापर्यंत हात धुणे, आणि घाम पुसायला खांद्यावर वेगळा स्वच्छ रुमाल. दुकानातून खाजेचं मलम आणून पापणीला चोपडू नका. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं आणि डोळ्याजवळ ते फार दिवस वापरलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो.

प्रतिसाद: खळ्यातली

कलमवाले दादा, यात केसांचा काळा कलपही जोडा. आमच्या शेजारच्या वहिनींच्या पापण्या लग्नाच्या आदल्या दिवशी अशाच फुगल्या होत्या. आधी कानामागे थोडा लावून दोन दिवस बघायचा, असं डबीवर लिहिलेलं असतं. वाचतो कोण!

तांडेलाचा पोरगा (मिरकरवाडा)

बाबांची गोष्ट. सगळे म्हणायचे, होडीवरचं जागरण, त्याने डोळे असे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात बाबा रात्रभर घोरतात, दुपारीही लवंडतात. पिशव्या तशाच. म्हणजे जागरण निर्दोष सुटलं! डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं ऊन आणि पाण्यावरून येणारी तिरीप डोळ्यांवर घेतली, त्यात विडी. कातडीचा ताण दोन्हींनी लवकर जातो. गेलेला ताण आता परत येणार नाही. बाबांनी रुंद काठाची टोपी घेतली ती माझ्यासाठी, स्वतः अजून उघड्या डोक्याने जातात.

पागोळी (संगमेश्वर)

पावसात कपाटाला बुरशी, गादीला कुबट वास, आणि सकाळी शिंका. खाज येते म्हणून चोळायचं, चोळलं की आणखी सूज. ऊन पडेल त्या दिवशी गादी अंगणात, अभ्रे उकळत्या पाण्यात, डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅलर्जीची गोळी रात्री. यापेक्षा जास्त काही केलं नाही.

खडू-फळा (गुहागर)

माझ्या सुजेला वेळापत्रक नव्हतं. सकाळी जास्त, पण संध्याकाळीही पूर्ण जात नव्हती. शिवाय केस गळत, बद्धकोष्ठ, आणि एप्रिलच्या उकाड्यात वर्गातला पंखा मला नको असायचा. मुलं घामाघूम, बाई शालीत. डॉक्टरांनी डोळ्यांकडे बघून थेट रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉईडचं काम कसं चाललंय ते दाखवणारं संप्रेरक, तपासायला सांगितलं. थायरॉईड मंदावलेलं निघालं.

"आम्ही रोज मासे खाणारे, आम्हाला आयोडीन कमी कसं?" असं मी विचारलं. त्यांनी समजावलं की कमतरता आयोडीनची नसूनही हे होतं. शरीराची प्रतिकारशक्तीच त्या ग्रंथीवर उलटते. गोळी पहाटे उपाशीपोटी, त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही. चहाचा तो विरह सगळ्यात कठीण. सूज एका रात्रीत गेली नाही, महिने लागले, पण गेली.

सई-सोहमची आई (चिपळूण)

सगळे अनुभव वाचले. माझा जरा गंभीर आहे, तरी लिहिते, कारण लहान मुलं असलेल्यांनी वाचायला हवा.

मुलगा चार वर्षांचा होता. सकाळी डोळे सुजलेले, दुपारी अंगणात खेळताना अगदी नेहमीसारखा. कोणी म्हणालं डास चावला, कोणी म्हणालं दृष्ट लागली, मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. मग चड्डीचं इलॅस्टिक पोटावर रुतायला लागलं आणि मोज्यांचे वळ घोट्यावर राहायला लागले. लघवीला साबणासारखा फेस. बालरोगतज्ज्ञांनी त्याच दिवशी लघवी तपासली, त्यात प्रथिन भरपूर. नेफ्रोटिक सिंड्रोम. मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिन निसटतं, मग रक्तातलं पाणी ऊतींमध्ये उतरतं, आणि सगळ्यात आधी दिसतं ते डोळ्यांवर, कारण तिथली जागा सैल.

बहुतेक मुलांना स्टिरॉइडने गुण येतो, आमच्याला आला. त्या औषधानेही चेहरा गोल झाला, तेव्हा नातेवाईक म्हणाले, "बाळसं धरलंय हो!" काय बोलणार. आता रोज सकाळच्या पहिल्या लघवीत प्रथिन तपासायची पट्टी बुडवते. पिवळीच राहिली तर ठीक, हिरवट झाली की किती हिरवी ते डबीवरच्या रंगांशी ताडून वहीत लिहायचं. सर्दी-ताप आला की आजार उलटू शकतो, म्हणून त्या दिवसांत डोळे उघडले की पहिली नजर तिथेच. सोहम आता स्वतःच पट्टी धरून उभा राहतो आणि ओरडून सांगतो, "आई, पिवळी!"

नेत्रचिकित्सा सहायक (राजापूर तालुका)

वरच्या ताईंनी लिहिलं ते सर्वांनी घरात सांगा. मोठ्या माणसांतही डोळ्यांबरोबर पायाला सूज, फेसाळ लघवी किंवा धाप असेल तर लघवीची साधी तपासणी, रक्तदाब आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी) करून घ्यावं. एकाच डोळ्याला अचानक सूज, लाली, ताप, डोळा हलवताना दुखणं किंवा अंधुक दिसणं हे पिशवीचं दुखणं नाही; त्या दिवशी घरगुती काहीही न करता दवाखाना गाठायचा.

घरी बघायचं तर आरशासमोर मान सरळ ठेवून नजर वर न्या. फुगवटा जास्त उठून दिसला तर बहुधा चरबी. सकाळी एक फोटो, संध्याकाळी त्याच खिडकीपाशी दुसरा. फरक दिसला तर पाणी. चरबीवर क्रीमने काही होत नाही, जाहिरात काहीही म्हणो. कॅफीनच्या क्रीमने सूज थोडा वेळ बसते, सनस्क्रीनने पुढचं नुकसान टळतं. लिंबू, टूथपेस्ट आणि कच्ची हळद डोळ्याखाली लावून आलेले रुग्ण मी दर उन्हाळ्यात बघतो.

वाडीतली धाकटी (मुरुड)

ताडगोळा! सोलून फ्रीजमध्ये ठेवायचा, डोळे मिटून वर ठेवायचा. आकार असा बसतो की काकडी लाजेल. पाण्याच्या सुजेवर चालतो, बाकी गारवाच आहे हे मान्य. नंतर तो खाऊन टाकायचा की नाही यावर आमच्या घरात दोन तट आहेत.

निवृत्त पासबुक (रत्नागिरी)

मी शस्त्रक्रिया करून घेतली आहे, तीही हौसेने. खालच्या पापणीच्या आतल्या बाजूने चीर देतात, चरबी काही काढतात, काही सारखी करतात. बाहेर टाका दिसत नाही. कातडी फार लोंबत असेल तर मात्र पापणीच्या केसांलगत बाहेरून कापावं लागतं. आधी थायरॉईड तपासलं, डोळे कोरडे आहेत का बघितलं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल हृदयाच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. इंजेक्शनने डोळ्याखालचा खळगा भरायचा पर्यायही दिला होता. पण त्यात क्वचित रक्तवाहिनी बंद होऊन नजर जाऊ शकते हे ऐकल्यावर मी नको म्हटलं.

साधारण दोन आठवडे डोळ्याखाली निळं-जांभळं होतं. वाकायचं नाही, नारळाचं पोतं उचलायचं नाही, म्हणून घरच्यांनीही मजा घेतली. आता जुने सहकारी बाजारात भेटतात, बराच वेळ निरखतात आणि विचारतात, "चष्मा बदललात का?" मी हो म्हणतो.