मदत हवी आहे: १५ वर्षांचा मुलगा कालपासून बेपत्ता, एफआयआर घेत नाहीयेत

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा काल दुपारपासून घरी नाही. नववीत आहे. मार्कांवरून आदल्या रात्री घरात आवाज चढला होता, एवढंच. मोबाइल घरीच आहे. पलंगाखाली वह्या-पुस्तकांचा नीट रचलेला गठ्ठा सापडला, दप्तर मात्र नाही. म्हणजे रिकामं करून त्यात कपडे भरले असणार. मावशी तो गठ्ठा कोणाला हलवू देत नाहीत.

पोलिसांनी "बारकं नाहीये, येईल दोन दिवसांत" म्हणत वहीत नोंद केली, एक चिठ्ठी हातात दिली. नाशिकरोड स्टेशन घरापासून दहा मिनिटांवर, म्हणून जीव वर-खाली होतोय. एफआयआरसाठी अडून बसायचं का? आणि पुतण्याने फोटो व मावशींचा नंबर टाकून व्हॉट्सॲप मेसेज बनवलाय, तो फिरवू का?

प्रतिसाद १:
अडून बसाच. १८ च्या आतलं मूल हरवलं की अपहरण गृहीत धरून एफआयआर करायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेत सांगितलंय. पोरगा स्वतःहून गेला का, ते तपासात ठरेल. अपहरणाचं कलम बीएनएस (भारतीय न्याय संहिता) १३७(२), पूर्वीचं आयपीसी ३६३. नाहीच घेतलं तर लेखी तक्रार आयुक्तालयात द्या, पोच घ्या. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, आत्ताच फोन लावा, रात्रीही चालू असतो. आणि स्टेशनवर आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दलाला) फोटो नेऊन दाखवा, घरून पळालेली मुलं बरेचदा त्यांनाच सापडतात.

प्रतिसाद २:
मेसेजमध्ये मावशींचा नंबर नको! आमच्या भाच्याच्या वेळी तीन फोन आले, "मुलगा आमच्याकडे आहे, गाडीभाडं टाका." तिन्ही खोटे. एकदा तर ताईने पैसे टाकलेही. पोलीस ठाण्याचा नंबर द्या. शिवाय पोरगा घरी आल्यावरही तो मेसेज वर्षभर फिरतो, शाळेत चिडवतात.
दुसऱ्या गावी सापडला तर २४ तासांत बालकल्याण समितीपुढे नेतात, ताबा तिथूनच मिळतो. मावशींचं आधार, मुलाचा जन्मदाखला, एफआयआरची प्रत एका पिशवीत तयार ठेवा. आमची एक खेप कागदांपायीच वाया गेली.

धागाकर्ता:
रात्री अकराला एफआयआर झाला. २०१३ चा निकाल म्हटल्यावर साहेबांनी एकदा वर बघितलं, मग लिहायला घेतलं. मेसेज पाठवला नाही. त्याच्या मित्राने आत्ता सांगितलं, पोरगा मनमाडला उतरायचं म्हणत होता. आम्ही पहाटे निघतोय. तिथलं कोणी आहे का इथे?