दंडाची लोंबती कातडी काढायला ऑपरेशन: गरज की थेरं?

घोडबंदरची_नणंद
आमच्या वहिनीचं बॅरिएट्रिक, म्हणजे वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन झालं, वजन भरपूर उतरलं, शुगर आटोक्यात, सगळं झकास. पण दंडाची कातडी अशी लोंबते की ट्रेनमध्ये वरची कडी धरली की बाहीखालून हलते आणि समोरची बाई नेमकं तिकडेच बघते. पावसाळ्यात काखेजवळच्या घडीत घामाने लाल चट्टे येतात ते वेगळंच. आता ती ब्रॅकिओप्लास्टी, म्हणजे ही जादा कातडी कापून काढायचं ऑपरेशन, करायची म्हणतेय तर घरात महाभारत, आई म्हणते पन्नाशीत कसली ही थेरं. माझं मत, करावी. पैसे तिचे, दंड तिचे. बोला.

नौपाड्याचा_काका
पैसे तिचे, मान्य. पण काखेपासून कोपरापर्यंत आतल्या बाजूने व्रण राहतो तोही तिचाच. आधी कातडी झाकायला लांब बाह्या, नंतर व्रण झाकायला लांब बाह्या, मिळवलं काय? बरं, मेडिक्लेमवाले कॉस्मेटिक म्हणून हात वर करतात, वर 18% जीएसटी.

वाशीवाला_जिम
रोज ट्रायसेप्स मारा, तीन महिन्यात टाइट. फुकट.

घोडबंदरची_नणंद
@वाशीवाला_जिम ट्रायसेप्स आत, कातडी बाहेर. स्नायू वाढतील हो, पण ताणून सैल पडलेली एवढी कातडी डंबेलने परत आवळत नाही. वहिनी योगा, वॉक सगळं करून बसलीये.

ओटी_सिस्टर_कळवा
नुसतं लायपो, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, करून भागेल का असं बरेच विचारतात, तर कातडीत लवचिकपणा शिल्लक असेल तरच, नाहीतर चरबी गेल्यावर आणखी लोंबतं. वजन किमान सहा महिने एका जागी थांबलेलं हवं. नंतर काही आठवडे प्रेशरचे स्लीव्ह घालायचे, मे महिन्यात केलंत तर घामाने जीव जाईल म्हणून आमच्याकडे थंडीतच गर्दी. काहींना आत पाणी साठतं, ते सुईने काढावं लागतं. तिथून जाणारी नस दुखावली तर कोपराखाली बधिरपणा येतो, कधीकधी कायमचा. आणि आपल्या रंगाच्या कातडीत व्रण जाड होण्याचं प्रमाण जास्त, कान टोचल्यावर कुणाला गाठ आली असेल तर सर्जनला आधीच सांगा.

नौपाड्याचा_काका
सिस्टरनीच माझी बाजू मांडली 😄 एवढं सगळं कशासाठी, तर ट्रेनमधली अनोळखी बाई बघते म्हणून.

ओटी_सिस्टर_कळवा
काका, बाजू कुणाचीच नाही मांडली. वजन उतरवून आलेल्या बायका धोके ऐकूनही करतात, आणि बहुतेकींना व्रण चालतो, लोंबणं चालत नाही. तुम्हाला ते चट्टे होत नाहीत म्हणून ट्रेनमधली बाई तेवढी दिसली.

नेरूळची_सूनबाई
मी विरोधात, पण ऑपरेशनच्या नाही, त्या हप्त्यावाल्या पॅकेजच्या. दंडासोबत पोटावर डिस्काउंट, साडीचा सेल आहे का? एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी डिग्री बघा, नाहीतर सरळ केईएम नाहीतर सायनच्या प्लास्टिक सर्जरी ओपीडीला दाखवून या, रांग लागेल पण विकायला कुणी बसलेलं नसतं.

घोडबंदरची_नणंद
वहिनीचं वजन दिवाळीपासून हललेलं नाही, आणि कानाला गाठबिठ नाही. पण एका ठिकाणी 'आफ्टर'चे फोटो दाखवले त्यात सगळ्यांचे हात खालीच. वर केलेल्या हाताचा एक दाखवा म्हटलं तर रिसेप्शनिस्ट म्हणाली व्हॉट्सॲप करते. अजून आलेला नाही.

नौपाड्याचा_काका
आला की इथे सांगा. मत तेव्हाही हेच असेल.