मदत हवी आहे : कॉमिक्स विकीवर नवीन आलेली माणसं टिकत नाहीयेत, काय करावं?

नमस्कार मंडळी,

इथे विकिपीडियावर काम केलेले, स्वतःचे विकी चालवणारे बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतोय. आम्ही पाच जण मिळून इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी विकी (कुणालाही लिहिता, दुरुस्त करता येईल अशी साइट) चालवतो. दर अंकाला एक पान, त्यात गोष्ट कुठली, चित्रं कुणाची, मुखपृष्ठ, मराठीत पात्रांना काय नावं दिली होती वगैरे. इंद्रजाल मार्च १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं, एकूण ८०३ अंक. त्यातली निम्मी पानंसुद्धा आमची धड भरलेली नाहीत. इंग्रजी अंकांची माहिती नेटवर ढीगभर मिळते हो, पण मराठी अंकात वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम) काय बोलला, बहादूर या दुसऱ्या नायकाच्या गोष्टीचं मराठी नाव काय होतं, ते कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेतच आहे. आणि त्या ट्रंकेचा मालक बहुतेक पन्नाशी-साठीच्या पुढचा असतो.

आता प्रॉब्लेम असा की लोक येतात, अकाउंट काढतात, एक-दोन एडिट करतात आणि परत फिरकत नाहीत.

गेल्या महिन्यातलं सांगतो. एक काका आले. मोबाइलवरून टाइप करत होते हे कळत होतं कारण मध्येच ओळ तुटायची. त्यांनी 'इंद्रजाल १४' असं नवीन पान बनवलं, गोष्ट सविस्तर लिहिली, आणि शेवटी लिहिलं की आतल्या पानावर माझ्या थोरल्या भावाची शाईची सही आहे, तो आता नाही. आमच्या एका ॲडमिनने दहा मिनिटांत पान उडवलं, कारण दिलं 'डुप्लिकेट, क्रमांक चुकीचा'. आणि त्याच्या मागोमाग सिस्टिमचा आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज त्यांच्या चर्चा पानावर (सदस्याला निरोप लिहायची जागा) जाऊन पडला, तुमच्या योगदानाबद्दल आभार म्हणून. काकांनी त्याखालीच विचारलं की अंक माझ्या हातात आहे, त्यावर १४च आहे, माझं काय चुकलं ते सांगाल का. तीन दिवस कुणी ते बघितलंच नाही. मी बघितलं तोपर्यंत ते गेलेले.

चूक त्यांची नव्हतीच. इंद्रजालचे अंक ४४३ पर्यंत सलग क्रमांकाने निघाले आणि त्यानंतर पद्धत बदलली, खंड २० चा अंक १, अंक २ असं सुरू झालं. काकांकडे होता तो खंड २३ चा १४वा, आणि आमच्याकडे १४ नंबरचं पान आहे ते एकदम सुरुवातीच्या काळातलं, दोन्हींत वीसेक वर्षांचं अंतर. हे आम्हाला पाठ आहे, पण नवीन माणसाला कळावं असं विकीवर कुठेच लिहिलेलं नाही.

दुसरं, एक कॉलेजमधला मुलगा आला, त्याने चाळीसेक पानांवर 'डेंकाली'चं (वेताळाच्या देशाचं नाव) 'बंगाला' केलं, कारण मूळ इंग्रजी वेताळकथांत तेच आहे. इंद्रजालमध्ये मात्र बंगालशी घोळ नको म्हणून मुद्दाम डेंकाली केलेलं होतं. बिचारा रात्री दोनपर्यंत बसून करत होता आणि सकाळी आम्ही सगळं एका झटक्यात रिव्हर्ट मारलं, म्हणजे होतं तसं परत केलं. तोही गेला.

तर जाणकारांनी सांगावं की नवीन माणसाचं स्वागत नक्की कसं करायचं, पहिलं काम काय द्यायचं, आणि चूक दिसली तर ती दुरुस्त कशी करायची की माणूस दुखावणार नाही. अचूकता सोडायची नाहीये, पण माणसंही गमवायची नाहीयेत.

प्रतिसाद – धूळपाटी

आधी एक काम आज करा. काकांचं पान डिलीट झालं असलं तरी ते पुसलं जात नाही, ॲडमिनला परत आणता येतं. ते परत आणा आणि 'खंड २३ अंक १४' अशा नावाने हलवा, म्हणजे पानाच्या इतिहासात (कुणी कधी काय लिहिलं त्या नोंदीत) पहिलं नाव काकांचंच राहील. मजकूर कॉपी करून नवीन पान बनवू नका, मग इतिहासात तुमचं नाव लागतं आणि त्यांचं जातं. भावाच्या सहीची ओळ पानातून काढावी लागली तर चर्चा पानावर ठेवा, उडवू नका.

मग १४ नंबरच्या जुन्या पानावर सगळ्यात वर एक ठळक ओळ टाका, तुमच्या अंकावर खंड छापलाय का, मग इकडे जा. १ ते ५३ पर्यंतच्या सगळ्या पानांवर टाका कारण पुढे अंक आठवड्याला निघायचे आणि वर्षाला एक खंड, तेवढ्या नंबरांत हा घोळ कुणाचाही होणार. नवीन पान बनवायची चौकट असते ना, तिच्यात खंड आणि अंक असे दोन वेगळे रकाने आधीच भरून ठेवता येतात, रिकामं पान समोर आलं की माणूस गांगरतो. डेंकालीचंही तसंच, मजकुरात छुपी टीप घाला, ती फक्त एडिट करताना दिसते, इथे डेंकालीच ठेवा कारण अमुक. त्या मुलाला रात्री दोनला ती दिसली असती तर पहिल्याच पानावर थांबला असता.

आणि रिव्हर्टबद्दल. मी मराठी विकिपीडियावर बरीच वर्षं आहे. इंग्रजी विकिपीडियाचे संपादक २००७ नंतर घटत गेले त्याच्यावर २०१३ साली एक शोधनिबंध आला होता, त्यात हेच निघालं की चांगल्या हेतूने आलेल्या नव्या लोकांची कामं आधीपेक्षा जास्त उडवली जायला लागली आणि ते टिकेनात. तेवढ्या मोठ्या ठिकाणी ही गत, तर तुमच्या पाच जणांच्या विकीवर एकेक माणूस लाखमोलाचा. शिवीगाळ, जाहिरात असेल तर लगेच उडवा, बाकी कुठल्याही नव्या माणसाचं काम एक दिवस तसंच राहू द्या आणि आधी विचारा. एक दिवस चुकीचा नंबर राहिला तर काय बिघडतं?

प्रतिसाद – ट्रंकवाला

मी त्या काकांच्याच वयाचा, ६७ पूर्ण. माझ्याकडे शंभराच्या वर मराठी इंद्रजाल आहेत, दहा-दहाचे बाइंडिंग केलेले. मीही एकदा एका विकीवर (तुमचा नव्हे) प्रयत्न केला होता. साचा, वर्ग, नामविश्व असे शब्द आले, नियमांच्या सात लिंका आल्या, मी बंद केलं. मला नियम वाचायचा कंटाळा नाही हो, आयुष्यभर कारकुनी केली आहे, पण पहिल्या दिवशी कुणीतरी एवढं विचारावं की तुमच्याकडे काय काय आहे. तेवढं विचारलं असतं तर मी यादी करून दिली असती.

आणखी एक सांगतो. १२३ आणि १२४ हे दोन अंक मी किती वर्षं शोधले असतील. रद्दीवाले, रस्त्यावरचे पुस्तकवाले, ओळखीपाळखीचे सगळे. पुढे कळलं की संपामुळे ते निघालेच नव्हते. ही एक ओळ तुमच्या विकीवर पहिल्या पानावर ठेवा, कारण माझ्यासारखे अजून शोधत असतील.

प्रतिसाद – भरतकाम

+१ ट्रंकवाला काका. मी दुसऱ्या एका फॅन विकीवर आहे. आम्ही आपोआप जाणारा मेसेज बंदच केला, कारण त्याखाली सही ॲडमिनची पण ॲडमिनने तो लिहिलेलाच नसतो, आणि माणूस त्याला उत्तर देतो ते कुणी वाचत नाही. 'अलीकडील बदल'मध्ये (विकीवरच्या ताज्या एडिटची यादी) नवख्यांचा वेगळा फिल्टर असतो, १० पेक्षा कमी एडिटवाले त्यात येतात, तो लावून रोज संध्याकाळी एक जण बसतो आणि हाताने लिहितो. दोन ओळीच, पण त्यांनी काय केलं ते त्यात आलं पाहिजे.

फक्त एक गोष्ट पहिल्या मेसेजमध्येच सांगा, अख्खा अंक स्कॅन करून चढवू नका, मुखपृष्ठाचा एक छोटा फोटो पुरे. लोक प्रेमाने पूर्ण अंक टाकतात आणि मग हक्कांवरून काढावे लागतात, तेव्हा फार वाईट वाटतं त्यांना.

धागाकर्ता

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. काकांचं पान परत आणलं, नाव बदललं, इतिहासात पहिली नोंद त्यांचीच आहे. ज्याने उडवलं होतं त्यानेच स्वतः हे केलं, त्यालाही वाईट वाटत होतं. त्या मुलालाही लिहिलंय, आणि इंद्रजालमध्ये बदललेल्या नावांचं एक पान तूच सुरू कर म्हणून विचारलंय. काकांना हे लिहिलं, बघा कसं वाटतंय :

'काका नमस्कार. तुम्ही लिहिलेलं पान आमच्याकडून चुकून काढलं गेलं, माफ करा. तुमचा अंक खंड २३ चा १४वा आहे, क्रमांकाची पद्धत मध्येच बदलली होती आणि ते आम्ही कुठे लिहून ठेवलं नव्हतं. पान आता तुमच्या नावासकट परत आलंय. मराठी अंकातली गोष्ट एवढी सविस्तर आमच्याकडे कुणीच लिहिली नव्हती. तुमच्याकडे आणखी कुठले अंक आहेत? नुसते नंबर कळवलेत तरी चालेल, टाइप आम्ही करू. कृपया विकीचे नियम वाचून घ्या.'

प्रतिसाद – धूळपाटी

शेवटचं वाक्य काढा. बाकी हात लावू नका.

धागाकर्ता

काढलं. पाठवलं. अजून त्यांनी लॉगिन केलेलं दिसत नाही, ईमेल दिला असेल तर सूचना जाईल.

प्रतिसाद – ट्रंकवाला

ते येवोत. तोवर माझं घ्या. खंड २१ चे आठ अंक समोर काढून ठेवलेत, त्यात दोन बहादूरचे आहेत, बहादूर ज्यांनी निर्माण केला त्या आबिद सुरतींचं नाव आत छापलेलं आहे. रविवारी दुपारी बसतो. नातू म्हणाला फोटो तो काढून देईल. नवीन पानाची ती चौकट कुठे असते तेवढं फक्त इथेच सांगा, तिकडे गेलो की मला सापडत नाही.