टीव्हीचा आवाज जुन्या रिसिव्हरवर कसा आणावा?

प्रश्न (जुळे सोलापूर)

नमस्कार. आमच्याकडे ५.१ चा जुना होम थिएटर रिसिव्हर असून त्याचे पाचही स्पीकर आणि सबवूफर आजही ठणठणीत वाजतात. आजवर सेट-टॉप बॉक्स आणि डीव्हीडी प्लेअर रिसिव्हरला जोडलेले होते आणि रिसिव्हरमधून एकच एचडीएमआय केबल टीव्हीकडे जात होती, त्यामुळे चित्र टीव्हीवर आणि आवाज स्पीकरवर ही वाटणी आपोआप होत असे. गेल्या महिन्यात आम्ही ४के स्मार्ट टीव्ही घेतला आणि आता घरातले बहुतेक पाहणे टीव्हीमधल्या ॲपवरच होते. तो आवाज मात्र टीव्हीच्या पाठीमागच्या बारक्या स्पीकरमधूनच येतो. वडिलांना संवाद नीट ऐकू येत नाहीत, आणि आवाज वाढवावा तर संवादांआधी पार्श्वसंगीतच अंगावर येते.

टीव्ही बसवायला आलेल्या माणसाला विचारले, तर रिसिव्हरकडे न पाहताच "हे आता जुनं झालं, साउंडबार घ्या" असे सांगून तो निघून गेला. मग मी स्वतः टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी असे छापले आहे त्यात रिसिव्हरची केबल घातली, पण उपयोग झाला नाही. नंतर ऑप्टिकल केबलही आणून जोडली, तरी रिसिव्हर गप्पच आहे. चालू वस्तू भंगारात घालायची माझी इच्छा नाही. नेमके काय चुकते आहे?

पहिले उत्तर (नवी पेठ)

आपल्या घरातला घोळ आवाजाच्या दिशेचा आहे. पूर्वी चित्र आणि आवाज दोन्ही आधी रिसिव्हरमध्ये येत आणि तिथून पुढे टीव्हीकडे जात. आता चित्रपट टीव्हीच्या पोटातच सुरू होतो, म्हणून आवाजाला उलटे, म्हणजे टीव्हीकडून रिसिव्हरकडे, यावे लागते. साध्या एचडीएमआय जोडणीत ही परतीची वाट नसते. ती सोय २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ या आवृत्तीपासून सुरू झाली आणि तिलाच एआरसी म्हणतात. ती चालण्यासाठी केबलचे एक टोक टीव्हीच्या एआरसी पोर्टात आणि दुसरे रिसिव्हरच्या 'आउट' लिहिलेल्या पोर्टात असावे लागते. पुष्कळ जण आवाज रिसिव्हरच्या आत जायचा म्हणून केबल 'इन'मध्ये घालतात आणि तिथेच फसतात. शिवाय दोन्ही यंत्रांमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलवरून यंत्रांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय, चालू करावी लागते. हा पर्याय सॅमसंगच्या टीव्हीत ॲनीनेट प्लस, एलजीच्या टीव्हीत सिम्पलिंक आणि सोनीच्या टीव्हीत ब्राव्हिया सिंक या नावाने सापडतो. हे सगळे करूनही आवाज आला नाही, तर रिसिव्हर कोणत्या साली घेतला आणि त्याच्या आउट पोर्टाखाली एआरसी ही अक्षरे आहेत का, ते कळवावे.

प्रश्नकर्ता

रिसिव्हर २००८ च्या दिवाळीत घेतला होता. केबल आउटमध्येच आहे, पण त्या पोर्टाखाली एआरसी हा शब्द कुठेही नाही. ऑप्टिकल केबलचे एक टोक टीव्हीत असताना दुसऱ्या टोकाला तांबडा उजेड दिसतो, म्हणजे टीव्ही काहीतरी पाठवतो आहे असे मी समजतो. ती केबल रिसिव्हरच्या 'ऑप्टिकल १' मध्ये घालून रिमोटवरचे टीव्हीचे बटन दाबले, तरी काहीच ऐकू आले नाही.

दुसरे उत्तर (होटगी रोड)

२००८ साल कळले म्हणजे एआरसीचा विषय संपला. जी सोय २००९ मध्ये जन्माला आली ती आधीच्या दिवाळीत घेतलेल्या यंत्रात असणार कुठून? महागडी एचडीएमआय केबल आणूनही त्यात फरक पडणार नाही. आपला मार्ग ऑप्टिकलचाच आहे आणि तो चांगला आहे. या केबलमधून वीज नव्हे तर प्रकाश जातो, त्यामुळे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे स्पीकरमध्ये जी घरघर येते, ती या जोडणीत येत नाही.

टीव्हीकडून प्रकाश येतो आहे, हे आपण पाहिलेच आहे. पण रिसिव्हरमध्ये जाणाऱ्या टोकावर नवीन केबलसोबत येणारी पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी अजून आहे का, ते नखाने चाचपून पाहावे. ती इतकी बारीक आणि स्वच्छ असते की काचेचाच भाग वाटते, तिच्यातून उजेडही दिसतो, पण ती असताना पिन पोर्टात पूर्ण बसत नाही. पिन बसल्यावर 'टक्' असा आवाज यायला हवा.

त्यानंतर रिसिव्हरच्या मेनूमधले 'इनपुट असाइन' उघडावे. माझा मुख्य संशय इथेच आहे. जुन्या रिसिव्हरमध्ये प्रत्येक डिजिटल पोर्ट रिमोटवरच्या एखाद्या बटनाशी बांधलेला असतो. 'ऑप्टिकल १' हा पोर्ट कारखान्यातून सीडी किंवा डीव्हीडीच्या नावावर लावलेला असेल, तर टीव्हीचे बटन दाबून काहीच ऐकू येणार नाही. मेनू सापडला नाही तर रिमोटवरची इनपुटची सगळी बटने एकामागून एक दाबून पाहावीत.

हे ठीक असूनही शांतताच राहिली, तर प्रश्न आवाजाच्या साच्याचा, म्हणजे फॉरमॅटचा, असतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल साउंड आउट' अशा नावाचा पर्याय असतो आणि त्यात पीसीएम (न दाबलेला साधा डिजिटल आवाज), ऑटो, पास थ्रू (आवाज आला तसाच पुढे पाठवणे) असे प्रकार दिसतात. ॲपवरचे चित्रपट बऱ्याचदा डॉल्बी डिजिटल प्लस या नव्या साच्यात येतात. ऑप्टिकल वाटेने साधा स्टिरिओ पीसीएम आणि डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस हे ५.१ आवाजाचे जुने साचे जाऊ शकतात, डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. म्हणून आधी पीसीएम निवडावे, म्हणजे निदान दोन चॅनेलचा आवाज हमखास येईल आणि जोडणी बरोबर असल्याची खात्री पटेल. मग टीव्हीत डॉल्बी डिजिटल हा वेगळा पर्याय असल्यास तो निवडावा. तो निवडल्यावर टीव्ही बाहेर पडणारा आवाज जुन्या साच्यात बदलून देतो आणि मूळ ध्वनी ५.१ चा असेल तर पाचही स्पीकर आपापले काम करू लागतात.

वडिलांसाठी मधल्या स्पीकरची पातळी ३ डेसिबलने वाढवून पाहावी. चित्रपटातले बहुतेक संवाद त्याच स्पीकरमधून येतात, त्यामुळे सगळा आवाज न वाढवता बोलणे तेवढे पुढे येते. साउंडबारचा सल्ला देणाऱ्याने ही एक गोष्ट सांगितली असती तरी आपला महिना वाया गेला नसता. टीव्ही पीसीएमवर ठेवावा लागला, तर रिसिव्हरवर डॉल्बी प्रो लॉजिक २ लावावे. ते स्टिरिओमधूनही मधल्या स्पीकरसाठी वेगळा आवाज काढते.

आणखी एक सांगतो. सेट-टॉप बॉक्स आता थेट टीव्हीलाच जोडावा आणि पुढे कधी ४के यंत्र घेतले तर तेही. आपल्या रिसिव्हरच्या काळातले एचडीएमआय ४के चित्र पुढे पाठवू शकत नाही. डीव्हीडी प्लेअर मात्र रिसिव्हरलाच राहू द्यावा, कारण २०१८ पासून सॅमसंगने टीव्हीतून डीटीएसची सोय काढून टाकली आहे. आपला टीव्ही कोणताही असो, डीटीएसच्या डिस्क थेट रिसिव्हरवर वाजवलेल्या बऱ्या.

तिसरे उत्तर (अक्कलकोट रोड)

वरच्या माहितीत फक्त दोन गोष्टी घालतो. ऑप्टिकल केबल कागदासारखी दुमडून टीव्हीमागे कोंबू नये. आतला धागा मोडला की केबल कायमची जाते, म्हणून वळण सैल ठेवावे. दुसरे म्हणजे, धूळ बसू नये म्हणून रिसिव्हरवर चादर पांघरून ठेवण्याची आपल्या गावातली सवय रिसिव्हर चालू असताना तरी मोडावी. आमच्याकडे एप्रिलमध्ये, बाहेर बेचाळीस अंश असताना, चादरीखालचा रिसिव्हर चित्रपटाच्या मध्यावर पुन्हा पुन्हा बंद पडत असे आणि मी दोन आठवडे स्पीकरच्या वायरी तपासत बसलो होतो. वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडायलाच हवी. चादर सोलापूरची असली तरी तिची जागा पलंगावर आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. टोपी निघालेलीच होती. होटगी रोडच्या सदस्यांचा संशय खरा ठरला आणि 'ऑप्टिकल १' सीडीच्या नावावर निघाला. सीडीचे बटन दाबताच टीव्हीचा आवाज सगळ्या खोलीत घुमला, तेव्हा स्वयंपाकघरातून आई काय पडले म्हणून बाहेर आली. मग टीव्हीत डॉल्बी डिजिटल निवडले आणि रिसिव्हरच्या पट्टीवर तीच अक्षरे उमटली. मधला स्पीकर ३ डेसिबलने वाढवला आहे.

एकच अडचण राहिली होती. आवाज ओठांच्या किंचित आधी येत होता. रिसिव्हरच्या मेनूमध्ये 'ऑडिओ डिले' सापडले, ते शून्यापासून थोडे थोडे वाढवत ८० मिलिसेकंदांवर आणले आणि बातम्या सांगणाऱ्या बाईंचे ओठ व शब्द जुळले. टीव्हीच्या रिमोटने या जोडणीत आवाज कमी-जास्त होत नाही, हे वडिलांना चार वेळा समजावून झाले. शेवटी रिसिव्हरच्या रिमोटवर सीडीच्या बटनावर आणि आवाजाच्या बटनावर आईच्या तांबड्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला, आणि काल संध्याकाळचे कीर्तन त्यांनी कोणालाही हाक न मारता लावले.