कारागीर टिकत नाहीत. चांगलं वागून पैशांत फरक पडतो का?

भोसरीचा_गाळा:
मंडळी, भोसरी एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे. ५ सीएनसी लेथ, १ व्हीएमसी मिलिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं. माणसं १४. दिवाळीचा बोनस खात्यात पडला आणि भाऊबीजेनंतर तीन ऑपरेटर आलेच नाहीत. पलीकडच्या गल्लीत दोन हजार जास्त मिळाले म्हणे. कस्टमर रेट वाढवून देत नाही, मग मी पगार कुठून वाढवू? माणसांना सांभाळा, धंदा वाढतो, असं जो तो सांगतो. कुणाला हिशेबाच्या वहीत फरक दिसलाय का?

लेथवाले_काका:
दिसलाय, पण आधी नुकसानीच्या बाजूला. माझ्याकडे सहा वर्षांचा जुना सेटर होता, म्हणजे मशीनवर टूल आणि माप लावून देणारा. एकदा दहा मिनिटं उशीर झाला म्हणून मी त्याचा अर्धा दिवस कापला, वर चारचौघांत बोललो. तो गप्प बसला. महिना भरला, हिशेब घेतला, गेला.

नवीन पोरगा आला. मशीन तेच, प्रोग्रॅम तोच, पण रोज सकाळचे पहिले पाच-सहा जॉब रिजेक्ट. बोअर, म्हणजे जॉबच्या आतलं भोक, मापात येईना. आठवडाभर आम्ही इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलतोय, जॉब धरणारा चक उघडतोय. शेवटी लाज गिळून त्या जुन्यालाच फोन केला. म्हणाला, "सायेब, ते मशीन थंड असलं की माप सरकतं. मी आल्या आल्या वीस मिनिटं स्पिंडल रिकामा फिरवायचो, मगच जॉब लावायचो." हे कुठल्याच कागदावर नव्हतं. कस्टमरने एक लॉट परत पाठवला तो वेगळाच.

तेव्हापासून पगार ७ तारखेच्या आत, आमचं पेमेंट अडकलं तरी. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, पहिल्या महिन्यापासून. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कुरकुर करण्याएवढा नाही. एका ऑपरेटरच्या बायकोचं ऑपरेशन त्यातच झालं. नाहीतर जो मोठी उचल देईल त्याच्या दारात तो गेला असता. आणि जूनमध्ये शाळेच्या फीचं आपणहून विचारायचं.

अमेरिकेतल्या मोटारवाल्या हेन्री फोर्डने जानेवारी १९१४ मध्ये कामगारांना दिवसाला ५ डॉलर जाहीर केले, ते काही दानधर्म म्हणून नाही. आदल्या वर्षी जेमतेम १४,००० माणसं कामावर राहावीत म्हणून त्याला ५२,००० च्या वर भरती करावी लागली होती. शिकवा, पळाला, पुन्हा शिकवा! मात्र कामगार घरी कसा राहतो, दारू पितो का, हे बघायला त्याने माणसं धाडली. तेवढं करू नका.

जुना_सेटर:
काकांशी सहमत. मी दोन ठिकाणं सोडली, दोन्ही पगारासाठी नाहीत. एकीकडे ओव्हरटाइमचा हिशेब फक्त मालकाच्या डोक्यात. दुसरीकडे टूल तुटला की आधी आईबहीण, मग चौकशी. निघताना मात्र "पगार जास्त मिळतोय" असंच सांगितलं. तोंडावर खरं कोण सांगतं? तुमच्या तिघांचे ते दोन हजार एकदा तपासून बघा.

भोसरीचा_गाळा:
तिघांपैकी एकाला आत्ता फोन लावला. पगाराचं अवाक्षर नाही. सप्टेंबरचा ११ तासांचा ओव्हरटाइम राहिलाय म्हणाला. वही काढली, खरंच राहिलाय. गुरुवारी सुट्टी आहे, घरी जाऊन देऊन येतो. परत ये म्हणायचं की नाही, ते तिथे गेल्यावर बघू.