‘आय वॉन्ट इट दॅट वे’ सहाव्या नंबरवर अडकलं, हा अन्याय नव्हे का?

निळी कॅसेट
मे २०२३ मध्ये हे गाणं गाणारा अमेरिकन बँड बॅकस्ट्रीट बॉइज मुंबईत बीकेसीला आले तेव्हा मी गेले होते. गिटारचे सुरुवातीचे सूर वाजले मात्र, माझ्या पुढच्या दोघी चाळिशीतल्या बायका एकमेकींचा हात धरून रडायलाच लागल्या. आणि हेच गाणं १९९९ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १००मध्ये, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत, सहाव्याच्या वर गेलं नाही! तेव्हा त्या यादीसाठी रेडिओवरचं वाजणं आणि दुकानातली विक्री यांची बेरीज करत. हे गाणं तिकडे सुटं सिंगल म्हणून विकायलाच ठेवलं नव्हतं. एक हात बांधून कुस्तीत उतरवल्यासारखं झालं हे.

हिशेबनीस
पण हात बांधला कुणी? कंपनीनेच ना? एक गाणं हवंय तर अख्खा अल्बम घ्या, असा तो व्यवहार होता, आणि तो फळला. हे गाणं असलेला ‘मिलेनियम’ अल्बम पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत ११ लाखांवर खपला. अल्बमचा पैसाही हवा आणि सिंगलचा नंबरही, असं कसं चालेल?
उलट नशीब म्हणा. डिसेंबर १९९८ मध्ये नियम बदलला म्हणून हे गाणं यादीत तरी आलं. त्याआधी दुकानात सिंगल नसेल तर हॉट १००मध्ये प्रवेशच नव्हता. यांचंच ‘ॲज लाँग ॲज यू लव्ह मी’ त्यापायी तिथे कधी दिसलं नाही. नो डाउट या बँडचं ‘डोन्ट स्पीक’ तर रेडिओच्या यादीत १६ आठवडे पहिलं होतं, तरीही हॉट १००मध्ये नाव नाही.

निळी कॅसेट
अहो, मग तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय! ज्या यादीत ‘डोन्ट स्पीक’ नाही, तिच्यावरून लोकांना काय आवडलं हे ठरवायचं कसं? निर्णय कंपनीचा, भोगलं गाण्याने. ब्रिटनमध्ये सिंगल विकायला होतं, तर तिथे पहिला नंबर आलाच की.

रात्रीचा रेडिओ
ब्रिटनचं उदाहरण जरा जपून द्या. तिथे तेव्हा फक्त विक्री मोजायचे आणि चाहते पहिल्या आठवड्यातच दुकानांवर तुटून पडायचे. हे गाणं पहिल्या नंबरवर एकच आठवडा टिकलं. अमेरिकेतला सहावा नंबर नुसत्या रेडिओच्या जोरावरचा आहे. मला तोच जास्त मोलाचा वाटतो.

शब्दवेडी
मला तर सहावाही जास्त वाटतो. मॅक्स मार्टिन आणि आंद्रेआस कार्लसन या स्वीडिश जोडीने लिहिलेल्या या गाण्याचा अर्थच लागत नाही. कडव्यात ‘मला तसंच हवंय’ आणि ध्रुवपदात तेच शब्द तुझ्या तोंडून ऐकायचे नाहीत! ग्रॅमीत सँटानाच्या ‘स्मूद’पुढे हरलं ते योग्यच झालं.

निळी कॅसेट
अर्थ लागेल अशा शब्दांतही ते रेकॉर्ड झालं होतं, ताई. तरी मूळचेच शब्द ठेवले, आणि बरं केलं. शेवटाकडे ध्रुवपद एकदम वरच्या पट्टीत चढतं ना, ती जागा ऐका. तेव्हा मला इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं, पण त्या जागेसाठी मी कॅसेट इतक्यांदा मागे घेतली की फीत तिथेच घासली गेली.

हिशेबनीस
त्या जागेबद्दल वाद नाही, माझीही आवडती आहे. पण अन्याय मी म्हणणार नाही. सिंगल मिळत नव्हतं म्हणून ज्यांनी अल्बमचे पैसे मोजले, त्यांची मतं वाया गेली नाहीत. ती अल्बमच्या यादीत पडली, आणि तिथे ‘मिलेनियम’ थेट पहिल्या नंबरवर उतरला.