खाजोटीच्या सालीची दोरी वाळल्यावर सैल का पडते?

प्रश्न (राजापूर तालुका)

नमस्कार. थंड प्रदेशात बिच्छू घास किंवा नेटल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अंगाला लागताच आग होणाऱ्या झाडाच्या सालीपासून दोरी वळतात, हे पाहिल्यापासून आपल्याकडच्या मोठ्या खाजोटीची दोरी करून पाहावी असे मनात होते. भाद्रपदात घाटाखालच्या ओहोळाकाठून पुरुषभर उंचीची पंधरा-वीस खोडे कापून आणली, हातमोजे घालून पाने काढली, साल सोलली आणि त्याच संध्याकाळी पडवीत बसून दोन पेडांची दोरी वळली. वळताना ती इतकी घट्ट आणि गुळगुळीत झाली होती की मी लगेच पडवळाच्या मांडवाला बांधली. आठ दिवसांनी पाहतो तर दोन पेडांमध्ये काडी जाईल एवढी फट पडली होती, गाठी आपोआप सरकल्या होत्या आणि वेल खाली आला होता. दोष झाडाचा आहे की माझ्या पद्धतीचा? अशी दोरी खाडीतली होडी बांधायला चालेल का, असेही शेजारी विचारत आहेत.

उत्तर (कुडाळ)

दोष झाडाचा नाही. आपण ओली साल वळलीत, एवढेच झाले आहे. ताज्या सालीत पाणी भरलेले असते आणि ती वाळताना लांबीत फारशी कमी होत नाही, मात्र जाडीत पुष्कळ आकसते. त्यामुळे वळताना एकमेकांवर घट्ट बसलेले पेड वाळल्यावर बारीक होतात आणि पीळ तेवढाच राहूनही मधली जागा मोकळी पडते. यावर उपाय एकच आहे. साल आधी पूर्ण वाळवायची, नंतर वळण्यापुरती पुन्हा ओलसर करायची. एकदा वाळून आकसलेली साल पुन्हा भिजवली तरी पहिल्याइतकी फुगत नाही, म्हणून अशी दोरी वाळल्यावर नाममात्रच सैल होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असे आपण म्हणतो, पण तो सुंभही वाळलेल्या काथ्याचाच वळलेला असतो.

आता कृती सांगतो. पाने काढताना जाड हातमोज्याची मूठ बुंध्याकडून शेंड्याकडे न्यावी, म्हणजे लव चिरडून निघते. ती लव म्हणजे काचेसारख्या ठिसूळ टोकाच्या बारीक नळ्या असतात. टोक मोडले की आतला दाहक रस कातडीत शिरतो. चुकून लागलेच तर चोळू नये, साबणाच्या पाण्याने धुवावे. खोड लाकडी मोगरीने हलकेच ठेचून चपटे करावे, उभे उघडावे आणि मधोमध वाकवावे. आतले भेंड कडकन मोडते, तिथून साल दोन्ही टोकांकडे सोलत न्यावी. बरेच जण टोकाकडून सुरुवात करतात आणि साल तुटते. वरची हिरवी पातळ कातडी सुरीच्या पाठीने खरवडली तर दोरी अधिक टिकते, कारण त्या कातडीत ताकद नसते आणि कुजायला ती पहिली लागते.

वाळवणे हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. भाद्रपदातल्या हवेत पडवीत टांगलेली साल वाळण्याआधीच बुरसते. मी ती चुलीवरच्या माळ्यावर, धूर लागेल पण आच लागणार नाही अशा उंचीवर, सुट्या पट्ट्या करून टांगतो. वाकवल्यावर ती कुरकुरली की वाळली असे समजावे. वळण्याआधी थोडा वेळ पाण्यात बुडवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी; पाणी गळत असेल तर ती जास्त भिजली आहे.

वळताना पट्टी बरोबर मध्यावर दुमडू नये. एक बाजू लांब, एक आखूड ठेवली की दोन्ही पेडांचे शेवट एकाच जागी येत नाहीत आणि भर घातलेली ठिकाणे विखुरली जातात. स्वतःपासून लांबचा पेड बाहेरच्या दिशेने पिळावा आणि तो पिळलेला पेड स्वतःकडे आणून दुसऱ्यावरून ओलांडावा. मग जो लांब गेला त्याचे तसेच. एकेका पेडाचा पीळ आणि दोरीचा पीळ उलट दिशेचे असतात, म्हणून ते एकमेकांना उलगडू देत नाहीत. पेड बारीक होऊ लागताच, संपायची वाट न पाहता, नवी पट्टी सोबत धरावी.

उत्तर (गुहागर)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त नावाबद्दल एक खबरदारी सांगतो, कारण पुष्कळ जण खाजकुयली आणि खाजोटी एकच समजतात. खाजकुयली हा शेंगांचा वेल आहे आणि खाज त्याच्या शेंगेवरच्या केसांनी सुटते. खाजोटी ही नेटलच्याच कुळातली आहे आणि तिच्या खोडापानांवर दाहक लव असते.

होडीला मात्र ही दोरी कृपा करून बांधू नका. सालीचे तंतू ओल्या-सुक्याच्या फेऱ्यात लवकर कुजतात. खाऱ्या पाण्याला काथ्याच, कारण त्यात लाकडासारखा कठीण घटक भरपूर असतो. नौदलाचे ‘कौंडिण्य’ हे जहाज अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बांधले, तेव्हा त्याच्या फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीनेच शिवल्या. २०२५ च्या मे महिन्यात कारवारला ते नौदलात दाखल झाले. त्यामागे समुद्रकाठच्या लोकांचा शेकडो वर्षांचा अनुभव आहे.

मांडवासाठी म्हणाल तर एवढी आग सोसून खाजोटी आणण्याऐवजी आधी बांधावरची केवण पाहा. जिची पिळलेली मुरुडशेंग बाळगुटीत उगाळतात, तीच ही. पावसाळ्यात तिच्या सरळ फोकांची साल अखंड सुटते, तोडलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात आणि हाताला काहीही होत नाही. माझे आजोबा लाकडाचे भारे केवणीच्या सालीनेच बांधत. ती त्यांना कधी वळावीही लागत नसे, कारण पट्टीच पुरेशी चिवट असते.

उत्तर (अलिबाग)

नोकरीनिमित्त काही वर्षे उत्तराखंडात होतो, म्हणून थोडी भर घालतो. आपली मोठी खाजोटी आणि नेपाळातली ‘अल्लो’ ही एकच वनस्पती आहे. तिकडे दोरीबरोबर कापडाचे सूतही तिच्यापासून काढतात. त्यासाठी साल लाकडाच्या राखेच्या पाण्यात उकळतात, मग ठेचून वाहत्या पाण्यात धुतात आणि पांढरी माती चोळतात, म्हणजे तंतू सुटे होतात. राखेतला क्षार सालीतला चिकट भाग सोडवतो. मांडवाच्या दोरीला एवढा खटाटोप नको. तो चिकटपणा राहिलेलाच बरा, कारण वळताना तंतू एकमेकांना धरून राहतात. सुतळीइतकी मऊ दोरी हवी असेल तर मात्र चुलीची राख आपल्या घरात आहेच.

प्रश्नकर्ता (राजापूर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. दहा-बारा पट्ट्या वाळवून ठेवलेल्या निघाल्या, त्या ओल्या फडक्यात ठेवून काल पुन्हा वळल्या. ओल्या सालीची जुनी दोरी आणि ही नवी शेजारी ठेवली आहे. जुनीत नख सहज शिरते, नवीत अजिबात शिरत नाही. नवी थोडी खरखरीत झाली, बहुधा कातडी नीट खरवडली गेली नसावी. शेजाऱ्यांना होडीसाठी सुंभच वापरायला सांगितले आहे. बांधाला केवणीची चार झुडपे आहेत, त्यांचे फोक पुढच्या श्रावणात कापून दोन्ही दोऱ्या एकाच मांडवाला बांधीन आणि कोणती किती टिकली ते इथेच लिहीन.